चिंचेचे सात आणि लीलाचा एक

सोलापूर,
चैत्र वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या गोदीचा नमस्कार. या खेपेस मी एका हाताने तुमचे पाय शिवते आहे आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा कान धरला आहे, असे समजावे.

इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. तुम्ही गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधता ना? वहिनींचा हिवताप उतरला का? माळशिरसला कालव्याच्या अगदी काठावर सरकारी घर मिळाले म्हणून आपण किती आनंदलो होतो, पण तेच घर डासांनाही मिळाले आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. (वहिनी कोयनेलच्या गोळ्या घेत नाहीत, परसातल्या केळीच्या बुडाशी पुरतात. हे मी सांगितल्याचे त्यांना कळू देऊ नका. केळ कशी आहे तेवढे मात्र मला कळवा.)

तुम्ही मागितलेला लीलाचा फोटो या पत्रासोबत पुठ्ठ्यात घालून पाठवला आहे. पत्र वाचून होईपर्यंत पुठ्ठा उघडू नये अशी विनंती करणार होते, पण मी तुमची बहीण आहे. तुम्ही तो उघडला आहे, चष्मा लावून पाहिला आहे, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आहे आणि आता वहिनींना हाक मारायच्या बेतात आहात. दादा, हाक मारू नका. आधी एवढे वाचा. लीलाच्या डाव्या कानातून जे बाहेर आले आहे ते चिंचेचे रोप आहे. पोरीला काही झालेले नाही.

आता पहिल्यापासून सांगते. वैरागच्या मंडळींनी तुम्हाला कळवले की मुलगा पुण्यास वकिलीचा अभ्यास करतो, त्याला मुलगी पाहायला येण्यास सवड नाही, तरी मुलीचा एक फोटो पाठवावा, त्यावरून तो होय की नाही ते सांगेल. तुमची लीला शिक्षणासाठी माझ्याकडे असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. तुम्ही कालव्यावरच्या पाटकऱ्याबरोबर आपला पेटी कॅमेरा पाठवलात, त्यात आठ फोटोंची एकच गुंडाळी, आणि सोबत दोन पाने भरून सूचना. स्टुडिओत नेऊ नये, तिथल्या पडद्यावर खांब आणि हंस रंगवलेले असतात, त्यांपुढे घरची मुलगी नाटकातली वाटते. ऊन पाठीशी असावे. पेटी पोटाशी घट्ट धरावी आणि श्वास रोखावा. एक फोटो निघाला की गुंडाळीची किल्ली फिरवावी, मागच्या तांबड्या काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत. हात बसेपर्यंत एकदोन फुकट जातील, त्याची काळजी करू नये. हे शेवटचे वाक्य तुमचे आहे, दादा. कागद माझ्यापाशी जपून ठेवला आहे. एकदोन फुकट घालवण्याची परवानगी तुम्हीच दिली होती, मी ती जरा ताणली इतकेच.

पहिला फोटो खरोखरच हात बसावा म्हणून काढला. लीला त्या दिवशी न्हायला बसली होती, ह्यांना फोटोसाठी उभे राहा म्हणण्याची सोय नाही (तोंड फळ्यावर चुकलेले गणित पाहिल्यासारखे करतात), म्हणून मागच्या पडवीत रॉकेलच्या डब्यात उगवलेल्या चिंचेच्या रोपासमोर पेटी धरली. हे रोप कोणी लावलेले नाही. लीला चिंच खाते आणि चिंचोका जिथे बसलेली असेल तिथून फेकते, त्यातला एक डब्यात पडला. वीतभर उंच झाले आहे. सकाळची आठाची वेळ होती, सगळी पाने पसरून ते उन्हात उभे होते, मी श्वास रोखला आणि खटका दाबला. संध्याकाळी दिवा लावायला त्याच पडवीत गेले आणि पाहते तर रोप मिटलेले. समोरासमोरची पानुली एकमेकींना चिकटून खाली मान घातलेली, जणू कोणी त्याला रागे भरले आहे. मी तिथेच बसले. गेली तीस वर्षे मी रोज त्या वेळेला दिवा लावते, माहेरच्या अंगणात तर चिंचेचे एवढे मोठे झाड होते, आणि ते रोज संध्याकाळी झोपते हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळावे. अशा आणखी काय काय गोष्टी माझ्या पाठीमागे रोज होत असतील, या विचाराने मला जेवण गोड लागले नाही. सकाळचा फोटो आहे, तर त्याच्या जोडीला संध्याकाळचा असावा असे वाटले. पेटी पाटावर ठेवून, झाकण बराच वेळ उघडे धरून तो घेतला. हा दुसरा. इथपर्यंत मी तुमच्या परवानगीत होते.

तिसऱ्याचे कारण असे की मला वाटले होते, उजेड गेला की पाने मिटत असतील, त्यात नवल काय. पण दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत मुद्दाम तिथे बसले, तर ऊन अजून पडवीच्या खांबावर होते, आपल्या डोळ्यांना चांगले लख्ख दिसत होते, आणि चिंचेने आवरायला सुरुवात केली होती. बाजार उठायच्या आधी एखादी शहाणी बाई टोपली झाकते ना, तशी. संध्याकाळ व्हायच्या आधी तिला संध्याकाळ कशी कळली? हा प्रश्न मी लीलाला विचारला. लीला म्हणाली, फोटो काढून ठेव, नाहीतर उद्या तुलाच खोटे वाटेल. (म्हणजे तिसऱ्यात तुमची मुलगी सामील आहे.) चौथा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, दुपारी बाराचा. त्याला कारण काही नव्हते. सगळ्या वेळा घेतल्या आणि दुपार वगळली तर दुपारला वाईट वाटेल, असे काहीतरी मनात आले.

एवढ्यात ह्यांना पत्ता लागला. शाळेतून आल्यावर तांबड्या काचेत पाच आकडा पाहून विचारले की लीलाचे चार काढलेत का. मी खरे ते सांगितले. त्यावर टोपी खुंटीला लावत शांतपणे विचारले, “चिंचेला कुठलं स्थळ सांगून आलंय?”

पण ह्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेत हीच गोष्ट हसण्यावारी सांगितली आणि तिथे उलटेच झाले. शास्त्र शिकवणारे शिवयोगी मास्तर संध्याकाळी सायकलवरून आमच्याकडे हजर. चहाला हात न लावता डब्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी सांगितले की विलायतेत असे लोक आहेत की जे झाडासमोर कॅमेरा मांडून दिवसरात्र ठरावीक वेळाने फोटो घेतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. मग मास्तरांना तुमच्या बहिणीची परीक्षा घ्यावीशी वाटली. म्हणाले, “वहिनी, रोप अंधारात कोंडून पाहा. उजेडच दिसला नाही, तर ते काय करील?” आणि जाताना सदऱ्याच्या खिशातून मॅग्नेशियमच्या फितीचे तुकडे काढून देऊन गेले. ही फीत पेटवली की डोळे दिपतील असा पांढरा उजेड पडतो आणि क्षणात जातो, त्यात फोटो निघतो. दादा, मला सांगा, एखाद्याने असा प्रश्न विचारून फीतही हातात दिली तर माणसाने काय करावे?

अडगळीच्या खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटींना जुनी लुगडी कोंबली आणि चिंच आत ठेवली. आमच्याकडे भांड्यांना येते त्या मायाक्काला हे मुळीच आवडले नाही. वाढत्या अंगाच्या लेकराला कोंडून घालतात तसे चालवले आहे, तिला पाणी कोण देणार, ती घाबरेल, असे तिने भांडी आपटत सांगितले. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी मी आणि लीला आत शिरलो. काळोख असा की मी लीलाचा कान धरला तो पेटी म्हणून. फीत पेटवली. आणि त्या एका क्षणात चिंच सगळी पाने पसरून उभी. सूर्य तिने काल संध्याकाळपासून पाहिला नव्हता. लीलाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. हा पाचवा. रात्री दिवेलागणीच्या वेळी पुन्हा गेलो, तर मिटलेली. हा सहावा. उजेड आत नव्हता, वारा नव्हता, सांगायला कोणी नव्हते, तरी तिला आतल्या आत वेळ कळत होती.

मी हे मायाक्काला मोठ्या कौतुकाने सांगितले. तिने हातातली राख झटकली आणि म्हणाली, “बाई, त्याला भोंगा ऐकू येतोय की. आमी भोंग्यावर उठतो, तुमी भोंग्यावर उठता, त्येनं का उठू नये?”

दादा, इथे गिरणीच्या भोंग्यावर सगळे गाव चालते. आमचे घड्याळ आम्ही भोंग्याला विचारून लावतो. त्या भोंग्याने भिंती हलतात, तर पानुली का हलू नयेत? हे शिवयोगी मास्तरांच्याही ध्यानात आले नव्हते. मायाक्का बरोबर की चूक हे ठरवण्याचा एकच मार्ग होता. रविवारी गिरणी बंद असते आणि सकाळचा भोंगा होत नाही. फोटो दोन उरले होते. एक रविवारच्या पहाटेचा चिंचेला, एक लीलाला, असा मी मनाशी हिशेब केला, आणि शनिवारी निजताना घरातले घड्याळही बंद करून ठेवले, न जाणो ठोक्यांवरून तिला कळायचे.

त्याच रविवारी ह्यांना पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने वैरागला जायचे होते, तुमच्या वतीने बोलणी करायला. हे मला ठाऊक होते. फराळाचा डबा मीच भरून ठेवला होता. पण पहाटे मी त्या खोलीच्या दाराशी बसले होते. भोंगा नाही, ठोके नाहीत, सगळी गल्ली निजलेली, आणि आत ती एकटी. मला काय वाटत होते ते नीट सांगता येत नाही. एवढेच म्हणेन की ती उठावी असे मला फार वाटत होते, जणू तिच्यावर माझेही काही ठरणार होते. कोंबडा आरवल्यावर बराच वेळ थांबून फीत पेटवली. ती उठली होती. अंधारातल्या दिवसांनी जरा मरगळलेली, पण उघडी. मी आनंदाने बाहेर आले, चूल पेटवली, आधण ठेवले, आणि चहा गाळताना मला आठवले की घरात आणखी कोणालातरी उठवायचे होते.

ह्यांनी मोटारीच्या मागे टांगा पळवला, तो नाक्यापर्यंत. वैरागच्या मंडळींनी त्या दिवशी पुरण शिजवले होते असे नंतर कळले. त्यांचे रागाचे पत्र तुम्हाला आले असेल. त्यात पाहुणे न येण्याचे कारण ‘प्रकृती’ असे आम्ही कळवल्याचे असेल. प्रकृती म्हणजे माझीच समजा. (ह्यांनी चार दिवस माझ्याशी फक्त मायाक्कामार्फत बोलणे केले. मायाक्का त्यात स्वतःचीही भर घालीत असे, त्यामुळे बोलणे एरवीपेक्षा जास्तच झाले.)

मंगळवारी चार वाजता लीलाला बसवले. माझी अंजिरी पैठणी, माझीच नथ. खुर्चीवर बसेपर्यंत ती आपली लीला होती. “आत्या, ही नथ कोणाच्या नाकाच्या मापाची केली होती गं,” असे म्हणत हसत होती. मी पेटी पोटाशी धरली आणि तिने तोंड फोटोसारखे केले. ओठ मिटले, नजर खाली, मान एका बाजूला. पेटीवरच्या इवल्या काचेत मला एक मुलगी दिसली, ती मी तीन वर्षांत या घरात कधी पाहिली नव्हती. ही मुलगी भांडत नाही, चिंचोके फेकत नाही, भूमितीच्या पुस्तकावर डोके ठेवून झोपत नाही, अंधारात माझा हात धरून बांगडी पिचवत नाही. ही मिटलेली होती. मी खटका दाबला.

गुंडाळी धुवायला चनमल्लप्पांच्या स्टुडिओत दिली. (तुमच्या सूचनेत फोटो काढायला तिथे नेऊ नये असे आहे, धुवायला नको असे नाही.) आणायला गेले तेव्हा त्यांनी सहा फोटो ओळीने मांडले आणि बराच वेळ पाहून विचारले, “बाई, माणूस कुठं हाय ह्यात?” मी म्हटले, माणूस सातव्यात आहे. तेव्हा त्यांनी सातवा पुढे केला. किल्ली फिरवायची राहिली होती. सातव्या घरात पहाटेची चिंच होती आणि त्याच घरात वर लीला येऊन बसली. आठवे घर कोरेच निघाले. चनमल्लप्पा दयाळू आहेत. म्हणाले, “पानं तेवढी रंगवून गजरा करून देतो. वैरागला काय कळतंय?” मी नको म्हटले. खोटा गजरा पाहून होकार आला, तर पोरीला जन्मभर तो माळून बसावे लागेल.

घरी येऊन मी ते सहा फोटो जमिनीवर मांडले. दादा, यांतला दुसरा एखाद्याला पाठवला तर तो म्हणेल रोप मेले आहे. पहिला पाठवला तर म्हणेल फार जोमदार आहे. दोघांनीही चिंच पाहिलेली नाही. तुम्हाला आठवते, मला पाहायला आले तेव्हा मला ताप होता? तुम्हीच मला उचलून पाटावर बसवलेत. मी पडेन म्हणून मान वर केली नाही आणि विचारलेल्याला उत्तर दिले नाही. मुलगी फार शांत आहे असे ठरले. पुढे सासूबाई गेल्या तेव्हापर्यंत, चांगली अठरा वर्षे, त्या म्हणत असत की आम्ही पाहिली ती मुलगी ही नव्हेच. त्या बिचाऱ्या खरेच बोलत होत्या.

तर फोटो असा आहे. वैरागला पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही वडील आहात. नाक, डोळे जागच्या जागी आहेत. कानाजवळची पाने कसली, असे कोणी विचारले तर खरे सांगावे. चिंच आता पुन्हा पडवीत आहे आणि रागावलेली दिसत नाही. वहिनींना जपा. गुडघ्यावर थंड पाणी ओतू नका. थोरल्यांना माझा नमस्कार, लहानांच्या पाठीवरून माझा हात.

तुमची चुकलेली आणि न सुधारलेली बहीण,
गोदावरी

ता. क. नवी गुंडाळी पाठवावी. एक पुरणार नाही, दोन पाठवाव्यात. दुसरीवर चिंचेचा काही हक्क नाही, ती लीलाची. मी तिचे आठ काढते. सकाळी तोंडात मशेरी असताना, भूमितीवर रागावलेली असताना, मायाक्काची नक्कल करताना, जेवताना, निजलेली. आठही वैरागला पाठवा आणि मुलाला म्हणावे, आठही पाहून काय ते सांग. त्याला आठ पाहायला सवड नसेल तर आपल्याला उत्तर मिळालेच. ही विनंती पत्रात वर लिहायची होती, पण तिथे धीर झाला नाही.

आणखी एक ता. क. वर लिहिले आहे की किल्ली फिरवायची राहिली. सहा वेळा मी आठवणीने फिरवली. सातव्या वेळी, लीला समोर बसलेली असताना, तांबड्या काचेत मला सात दिसत होता, आणि इथे आठ असायला हवा असेही माझ्या मनात येऊन गेले. इतक्यात लीला म्हणाली, आत्या, लवकर, नथ टोचते, आणि मी खटका दाबला. हे राहणे होते की काय होते, याचा विचार मी केलेला नाही. तीन वर्षांपूर्वी या घरात दोरीवर दोनच माणसांचे कपडे वाळत असत, एवढे फक्त तुम्हाला सांगते. ह्यांना सांगू नका.

शेवटची ता. क. पाकीट चिकटवण्याआधी लीलाने पत्र मागून घेतले आणि वरचे सगळे वाचले (माझी चूक). वाचून झाल्यावर माझ्या हातातली लेखणी घेतली. मी म्हटले, असले वडिलांना लिहीत नाहीत. ती म्हणाली, तू लिहू नकोस, मी लिहिते. पुढचे अक्षर तिचे आहे.

बाबा, मी आठ देईन. त्यांचेही आठ मागवा. त्यातला एक सकाळी उठल्याबरोबरचा, तोंड धुण्याआधीचा असावा. आणि एक त्यांच्या आईने हाक मारल्यावरचा. ते दोन पाहून मी काय ते सांगेन.
— लीला